एका उताराने फोडलेल्या डिस्क: रचना, धातू आणि उष्णता यांचे एक प्रकरण

टेबलावर ठेवलेल्या ब्रेकच्या डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लावला की घासल्या जाणाऱ्या चकतीमध्ये, पहिल्या नजरेला काही दोष दिसत नव्हता. घासणारा पृष्ठभाग चकचकीत होता, भोकांच्या रांगा वळण घेत बाहेरच्या कडेकडे गेल्या होत्या आणि खाचांच्या कडा शाबूत होत्या. डिस्क स्वच्छ पुसून, तिरप्या उजेडात धरून तिच्यावरून नख फिरवले तेव्हा मात्र ते ठिकठिकाणी अडकू लागले. डाव्या चाकाच्या डिस्कवर १९ भोकांच्या काठांतून बारीक भेगा निघाल्या होत्या. त्यांतली एक भेग शेजारच्या भोकाला जाऊन मिळाली होती आणि तिथून पुढे सरकत बाहेरच्या कडेपासून जेमतेम ४ मि.मी. अंतरावर येऊन थांबली होती. उजव्या डिस्कवर भेगा पडलेली भोके सात होती. या डिस्क फक्त ११,००० किलोमीटर चाललेल्या होत्या.

गाडीच्या मालकांचे म्हणणे सरळ होते. गाडीबरोबर आलेल्या मूळ डिस्क ‘वाकतात’ म्हणून त्यांनी या भोकांच्या आणि खाचांच्या, दिसायला देखण्या डिस्क बसवून घेतल्या, आणि आता याही फुटल्या. पहिल्या मऊ निघाल्या, दुसऱ्या ठिसूळ निघाल्या, तेव्हा या दोहोंच्या मधला एखादा धातू सुचवा, एवढीच त्यांची मागणी होती. तपासणी पूर्ण झाली तेव्हा जे हाती आले ते वेगळेच होते: पहिला संच वाकलेला नव्हता, दुसऱ्याचे बीड (ओतीव लोखंड) ठिसूळ नव्हते, आणि दोन्ही वेळा डिस्क निवडताना त्या गाडीच्या रोजच्या उतारावर नेमकी किती उष्णता तयार होते आणि ती कोणत्या वाटेने बाहेर पडते, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

गाडी आणि तिचे काम

गाडी सात आसनी, गिअर हाताने बदलण्याची, आणि माणसे व सामान धरून १,८०० किलोच्या आसपास वजनाची. पुढच्या चाकांना २८० मि.मी. व्यासाच्या, २४ मि.मी. जाडीच्या, आतून वारा खेळणाऱ्या डिस्क. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. रोजच्या फेरीत सुमारे १० किलोमीटरचा सलग घाट उतरावा लागतो आणि त्याचा सरासरी उतार ७ टक्के आहे, म्हणजे गाडी दर फेरीला ७०० मीटर खाली येते. चालवणाऱ्याची सवय वरच्या गिअरमध्ये, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, पेडलवर पाय हलकासा ठेवून उतरण्याची होती. पायथ्याशी गाडी थांबली की पेडल दाबून धरून तो माणसे उतरू देत असे. या शेवटच्या सवयीचा उल्लेख सुरुवातीच्या बोलण्यात आलाच नव्हता. तो पहिल्या संचाच्या तपासणीनंतर मुद्दाम विचारून घ्यावा लागला.

पहिला संच: न वाकलेल्या डिस्क

मूळ डिस्क मालकांनी टाकून दिल्या नव्हत्या, ही नशिबाची गोष्ट. त्यांची हकीकत अशी, की सुमारे ३०,००० किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागले आणि पेडल पायाखाली उसळू लागले. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकल्या’ असे निदान झाले, त्या लेथवर लावून दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे दीड मिलिमीटर धातू काढला गेला, थरथर थांबली, आणि पाचेक हजार किलोमीटरनंतर ती पुन्हा सुरू झाली.

‘डिस्क वाकली’ हा शब्दप्रयोग गॅरेजमध्ये इतका रुळलेला आहे, की तो कोणी तपासून पाहत नाही. सपाट फरशीवर ठेवून पाहिले तर या डिस्क वाकलेल्या नव्हत्या. मायक्रोमीटरने एकाच वर्तुळावर १२ ठिकाणी जाडी मोजली तेव्हा डाव्या डिस्कची जाडी सर्वांत कमी तेथे २२.३१ आणि सर्वांत जास्त तेथे २२.३३ मि.मी. भरली. फरक केवळ ०.०२ मि.मी., म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. एवढ्याने काय होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डिस्कच्या प्रत्येक फेरीला तिला दोन्ही बाजूंनी घासणारे पॅड एकदा जाड भागावर आणि एकदा पातळ भागावर येतात, त्यासरशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन मागेपुढे ढकलला जातो, तेलाचा दाब वरखाली होतो, आणि १० ते १५ मायक्रॉनचा (०.०१० ते ०.०१५ मि.मी.) फरकसुद्धा चालवणाऱ्याच्या पायाला आणि हाताला जाणवू लागतो.

हा फरक आला कोठून, याची दोन उत्तरे मिळाली. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, उघडल्यावर डिस्क ज्या तोंडावर बसते तेथे गंजाचे पोपडे साचलेले दिसले. डिस्क लेथवर अगदी सपाट केली तरी ती गंजलेल्या हबवर बसवली की तिरकी बसते. डायल गेज लावून पाहिले तेव्हा दुसऱ्या संचाच्या डाव्या डिस्कचे डगमगणे ०.११ मि.मी. निघाले, आणि बहुतेक प्रवासी गाड्यांत ते ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या आत असावे लागते. तिरकी बसलेली डिस्क पेडलवर पाय नसतानाही प्रत्येक फेरीत एकदा पॅडला पुसटशी लागते, तेवढ्याच जागी हजारो किलोमीटर झिजत राहते आणि हळूहळू जाडीतला फरक तयार होतो. दुसरे कारण पायथ्याशी पेडल दाबून धरण्याच्या सवयीत होते. लालभडक नसली तरी चांगलीच तापलेली डिस्क पॅडच्या पकडीत एका जागी स्थिर राहिली की पॅडचा माल तिथे चिकटतो. मूळ डिस्कवर पॅडच्या आकाराचा एक फिकट निळसर ठसा स्पष्ट दिसत होता. त्या ठशावर कानस घासून पाहिली. शेजारच्या बिडाला कानस लागत होती, ठशावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

ही कानसीची परीक्षा जुनी आणि ओबडधोबड असली, तरी ती जे सांगते ते महत्त्वाचे असते. चिकटलेल्या थरावर घर्षण अधिक, म्हणून तापमान अधिक. आणि बीड ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्या वर स्थानिक पातळीवर तापून झटकन निवले, की तेथे सिमेंटाइटसारखी कठीण, ठिसूळ रचना तयार होते. कठीण भाग कमी झिजतो, आजूबाजूचा जास्त झिजतो, उंचवटा वाढतो, उंचवट्यावर उष्णता आणखी वाढते. लेथवर वरचा थर काढला तरी कठीण भाग खोलवर शिल्लक राहतो. म्हणून तर पाच हजार किलोमीटरनंतर थरथर परत आली.

लेथकामाने दुसरेही एक नुकसान केले होते, आणि ते जाडीच्या आकड्यात पुरते दिसत नाही. नव्या डिस्कची जाडी २४ मि.मी. असली तरी त्यात भरीव धातू २४ मि.मी. नसतो, ८-८ मि.मी.च्या दोन चकत्या आणि मध्ये ८ मि.मी.ची वाऱ्याची पोकळी, अशी ती विभागणी होती. डिस्क २४ वरून २२.३ वर आली म्हणजे ७ टक्के झिजली असे वाटते. प्रत्यक्षात उष्णता साठवणाऱ्या १६ मि.मी. धातूतून १.७ मि.मी. गेला, म्हणजे साठवणक्षमता १० टक्क्यांहून अधिक घटली.

उताराचा हिशेब

ब्रेकचे काम गतीची उष्णता करणे, एवढे सगळेच जाणतात. ती उष्णता दोन वेगवेगळ्या प्रकारांनी येते हे मात्र डिस्क निवडताना विसरले जाते, आणि या प्रकरणाची गाठ नेमकी तिथेच आहे.

पहिला प्रकार सपाट रस्त्यावर एकदाच जोरात थांबण्याचा. १,८०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली तर सुमारे ६९० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये येते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या चाकांचा धरला तर प्रत्येक पुढच्या डिस्कला सुमारे २४० किलोज्यूल मिळतात. घासणाऱ्या कड्याचे वजन ५ किलो आणि बिडाची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे अर्धा किलोज्यूल धरली, तर डिस्क एका थांबण्यात सुमारे १०० अंशांनी तापते. हे सगळे चार-पाच सेकंदांत घडते, वाऱ्याला काही करायला वेळच मिळत नाही, म्हणून तेथे डिस्कचे वजन हाच एकमेव आधार असतो.

दुसरा प्रकार घाटाचा. ७ टक्के उतारावर ताशी ५० किलोमीटरने उतरताना या गाडीची उंची ज्या गतीने कमी होते, तिचा हिशेब १७ किलोवॉटच्या आसपास येतो. टायर, वारा आणि वरच्या गिअरमधले इंजिन मिळून त्यातले पाचेक किलोवॉट खातात. उरलेले १२ किलोवॉट ब्रेककडे येतात आणि प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला ४.२ किलोवॉट. आकडा लहान वाटतो, पण हे बारा मिनिटे चालते. बारा मिनिटांत एका डिस्कमध्ये ३ मेगाज्यूल ओतले जातात, आणि डिस्कने ते सगळे पोटात ठेवायचे म्हटले तर ढोबळ हिशेबाने तिचे तापमान १,१०० अंशांच्या वर जाईल, म्हणजे बीड वितळण्याच्या उंबरठ्यावर. तसे होत नाही याचे कारण बरीचशी उष्णता उतरतानाच हवेत जाते. घाटात डिस्कचे वजन काही मिनिटे निभावून नेते. तापमान शेवटी कोठे स्थिरावेल हे मात्र वारा ठरवतो, आणि ताशी ५० च्या वेगाने वारा बेताचाच असतो.

वारा खेळणारी डिस्क ही खरे तर एक छोटा पंखा आहे. हबच्या बाजूने आत आलेली हवा दोन चकत्यांमधल्या पात्यांच्या वाटेने फिरत बाहेर फेकली जाते, आणि चाक जितके सावकाश फिरते तितका हा पंखा मंद चालतो. शर्यतीच्या मैदानावर उत्तम थंड राहणारी डिस्क घाटात थंड राहीलच असे नाही.

येथे आणखी एक बारकावा आहे, जो भेगांचा विचार करताना कामी येतो. सावकाश, सतत घासण्यात उष्णतेला धातूत मुरायला भरपूर वेळ मिळतो. ४.२ किलोवॉट दोन्ही तोंडांवर समान पसरले तर चकतीच्या जाडीत, वरच्या पृष्ठापासून आतल्या पृष्ठापर्यंत, तापमानाचा फरक दहा अंशांच्याही आत राहतो. एवढ्याने भेग पडत नाही. भेग पडायला उष्णता अरुंद जागेत कोंडली जावी लागते. ताशी ५० वरून २० वर येताना तीव्र वळणाआधी दाबलेला ब्रेक क्षणभर उष्णतेचा प्रवाह चौपट करतो, आणि तीसुद्धा संपूर्ण पृष्ठभागावर न पसरता अरुंद पट्ट्यावर पडली, तर तिथला धातू शेजारच्या धातूला फार मागे टाकतो.

बीड का, आणि कोणते बीड

मालकांच्या मनात धातूविषयी जी शंका होती ती चुकीची नव्हती, फक्त उलट्या बाजूने लावलेली होती. अधिक मजबूत धातू म्हणजे अधिक टिकाऊ डिस्क, हे समीकरण येथे चालत नाही. प्रवासी गाड्यांच्या डिस्क ग्रे बिडाच्या असतात, आणि ओढून तोडण्याच्या कसोटीत हे बीड साध्या पोलादापुढेही फिके पडते; त्याची ताणसहनशक्ती साधारण २०० ते २५० मेगापास्कल असते. त्याचे बळ दुसरीकडे आहे. त्यातला कार्बन पापुद्र्यांसारख्या ग्राफाइटच्या रूपात, एकमेकांना जोडलेल्या जाळ्यासारखा पसरलेला असतो. या जाळ्यातून उष्णता सहज वाहते, आणि हेच पापुद्रे कंपने शोषून ब्रेकची किंकाळी आवरतात. ग्रे बिडाची उष्णतावाहकता मीटरला अंशामागे ४५ ते ५० वॉटच्या घरात असते. ग्राफाइट गोल गुठळ्यांच्या रूपात असलेले डक्टाइल बीड ताणाला जवळजवळ दुप्पट टिकते, पण गुठळ्या सुट्या असल्याने त्याची वाहकता ३० ते ३५ पर्यंत उतरते. स्टेनलेस पोलाद त्याहूनही खाली असते. दुचाकीच्या पातळ, उघड्या डिस्क स्टेनलेसच्या चालतात, कारण त्यांना साठवायची उष्णता थोडी असते आणि गंजाचे डाग दिसू न देणे हीही तेथे गरज असते.

कार्बन ३.२ ते ३.५ टक्क्यांऐवजी ३.६ ते ३.९ टक्क्यांपर्यंत वाढवलेले ‘हाय कार्बन’ बीड मिळते. पापुद्रे वाढल्याने वाहकता सुधारते आणि धातूची ताठरता किंचित कमी होते, त्यामुळे तितक्याच तापमानफरकाला ताण कमी निर्माण होतो. बळ मात्र घटते. ते भरून काढण्यासाठी आणि गरम अवस्थेत पर्लाइटची, म्हणजे बिडाला बळ देणारी सूक्ष्म रचना टिकून राहावी म्हणून त्यात थोडे क्रोमियम, मॉलिब्डेनम किंवा तांबे घालतात. दीर्घकाळ ५०० अंशांच्या वर राहिलेल्या साध्या बिडात पर्लाइट मोडून मऊ फेराइट आणि जादा ग्राफाइट तयार होतो, आणि धातू किंचित फुगतो. हे फुगणे निवल्यावर परत जात नाही.

मालकांनी कार्बन-सिरॅमिक डिस्कविषयीही विचारले होते. पोर्शेने अशा डिस्क २००१ साली आपल्या ९११ जीटी२ या गाडीवर आणल्या, आणि त्यांची घनता बिडाच्या एक तृतीयांश असते. १,००० अंशांनाही त्या शाबूत राहतात हे खरे. परंतु डिस्क शाबूत राहिली म्हणून उताराची उष्णता नाहीशी होत नाही. ती पॅडमधून पिस्टनकडे, रबरी सीलकडे आणि तेलाकडे जाते. ब्रेकच्या डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उकळबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. त्या गाडीतले तेल चार वर्षांचे होते. डिस्कला ९०० अंश सोसता येतात आणि तेलाला १६० सोसत नाहीत, अशी गाडी घाटात न्यावी असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा संच: भोके, पाती आणि भेगा

आता फुटलेल्या डिस्ककडे. जाडी तीच, २४ मि.मी.; पण कडेने पाहिले तर चकत्या ७-७ मि.मी.च्या आणि पोकळी १० मि.मी.ची. वजन ६.२ किलो भरले; मूळ नव्या डिस्कचे ६.८ होते. जाहिरातीत ‘हलकी’ हा गुण असतो. उष्णतेच्या हिशेबात ते अर्ध्या किलोहून अधिक साठवण कमी करणे आहे, आणि तेही नेमके घासणाऱ्या कड्यातून.

भोकांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते भोके डिस्क थंड ठेवतात, दुसरे म्हणते भोकांनी धातूच उरत नाही. दोन्ही मोजून पाहता येतात. प्रत्येक चकतीवर ६ मि.मी. व्यासाची ३६ भोके, म्हणजे दोन्ही मिळून ७२. प्रत्येक भोकाने चकतीच्या दोन तोंडांचे थोडे क्षेत्र घालवले आणि आतल्या भिंतीचे थोडे अधिक क्षेत्र दिले. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केल्यावर हवेला लागणारे एकूण क्षेत्र तीन टक्क्यांच्या आसपास वाढते. धातू कमी होतो तो १०० ग्रॅम. थोडक्यात, भोके ना थंडाव्याच्या कामाची, ना वजनाच्या दृष्टीने फार घातक. पूर्वी पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट देण्यासाठी ती पाडली जात. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज उरलेली नाही, आणि पावसात पाण्याचा थर फोडायला भोके किंवा खाचा उपयोगी पडतात एवढे मान्य करायला हवे.

भोकांचे खरे मोल भेगांच्या रूपात चुकवावे लागते. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या काठावर ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यांपैकी एक. येथे त्याला आणखी हातभार लागला होता. भोकांच्या काठांना उतरती घासणी दिलेली नव्हती. ड्रिल जसे बाहेर पडले तसे धारदार काठ राहिले होते. तीन भोके तर आतल्या पात्याच्या अगदी काठावर पडली होती, त्यामुळे भोक आणि पाते यांच्या मध्ये कागदासारखी पातळ धार उरली होती. डाव्या डिस्कवरची सर्वांत लांब भेग त्यांतल्याच एका भोकातून निघाली होती.

भेग कशी पडते हे नीट पाहण्यासारखे आहे. घासणाऱ्या पट्ट्याचा एखादा भाग शेजारच्या धातूपेक्षा २०० अंशांनी अधिक तापला, तर तो प्रसरण पावू पाहतो आणि भोवतालचा थंड धातू त्याला अडवतो. एकाच दिशेने अडवले तर सुमारे २४० मेगापास्कल दाब निर्माण होतो, दोन्ही दिशांनी अडवले तर ३०० च्याही वर. बीड दाबाला ताणाच्या तीन-चार पट टिकते, म्हणून त्या क्षणी काही फुटत नाही. तापून मऊ झालेला धातू किंचित चेपतो आणि चेपलेलाच राहतो. पुढे डिस्क निवते तेव्हा हाच भाग आखूड पडलेला असतो, भोवतालचा धातू त्याला ओढतो, आणि ओढण्यापुढे बीड दुबळे. भेग निवताना पडते. घाट उतरून गाडी सपाट रस्त्याला लागली, वारा लागला, की रोज एकदा हे ओढणे होत होते. आणि भोकाच्या काठावर त्या ओढीचा जोर तिप्पट.

उष्णता अरुंद पट्ट्यात कोंडण्याची कारणे तपासणीत तीन मिळाली. पहिले रचनेतले. या डिस्कची टोपी, म्हणजे हबवर बसणारा मधला भाग, फक्त बाहेरच्या चकतीला जोडलेली होती. कडे तापून पसरते, टोपी त्यामानाने थंड राहते आणि एकाच बाजूने ओढून धरते, त्यामुळे कडे छत्रीच्या कापडासारखे किंचित एका बाजूला कलते आणि पॅड संपूर्ण रुंदीवर न टेकता एका काठावर टेकतात. पॅडची झीज तिरकी होती, हा त्याचा पुरावा. दुसरे कारण फक्त डाव्या कॅलिपरमध्ये. त्याची एक सरकपिन, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन, वंगण सुकून अडकली होती, आतला पॅड बाहेरच्याहून निम्मा उरला होता, आणि पेडल सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहत होता. दोन्ही बाजूंच्या भेगांतला १९ आणि ७ हा फरक येथून आला असे माझे मत आहे.

तिसरे कारण सापडले तेव्हा हसावे की कपाळाला हात लावावा कळेना. या डिस्कची आतली पाती वक्र होती. वक्र पाती आतून बाहेर जाताना फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली असली तर पंखा नीट चालतो. म्हणून अशा डिस्क डाव्या आणि उजव्या वेगळ्या असतात. बसवणाऱ्याने वरच्या खाचांचा आकार पाहून कोणती डिस्क कुठे ते ठरवले होते, आणि तो आकार पात्यांच्या उलट दिशेचा होता. दोन्ही डिस्क अदलाबदल होऊन बसल्या होत्या. जो थोडाफार वारा त्या मंद वेगात मिळायचा, त्यालाही उलटी पाती आडवी आली.

भेगेजवळचा एक तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ओतकामातला दोष त्यात नव्हता. पापुद्र्यांचे ग्राफाइट आणि पर्लाइट, जसे असायला हवे तसे. निळ्या डागाखाली मात्र पांढरा कठीण थर होता. बीड ठिसूळ मिळाले नव्हते. ते ठिकठिकाणी ठिसूळ केले गेले होते.

तिसरा संच

सुचवलेले उपाय दिसायला अगदीच साधे होते, आणि मालकांची किंचित निराशा झाली हे लपले नाही. हाय कार्बन बिडाच्या, सपाट तोंडाच्या, भोके-खाचा नसलेल्या डिस्क. चकत्या ८-८ मि.मी.च्या, टोपी आतल्या चकतीला जोडलेली आणि मानेशी एक अरुंद खोबण, ज्यामुळे कड्याला टोपीच्या ओढीशिवाय पसरायला वाव मिळतो. पाती सरळ, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ होण्याची सोयच नाही. हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासले. डिस्क बसवल्यावर डगमगणे ०.०३ मि.मी. भरले. सरकपिना आणि त्यांची रबरे नवी, तेल नवे, पॅड नवे. पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता वीसेक वेळा ब्रेक लावून, मध्ये डिस्क निवू देऊन, पॅडच्या मालाचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढवून घेतला. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक ठिकाणी ते टाळले जाते, आणि मग पहिल्याच घाटात तो थर डाग-डाग होऊन बसतो.

त्यानंतर डिस्कच्या बाहेरच्या कडेला ४३०, ५६० आणि ६१० अंशांना रंग बदलणाऱ्या तापमानदर्शक रंगांचे तीन पट्टे ओढून तोच घाट दोनदा उतरलो. पहिल्या वेळी चालवणाऱ्याला नेहमीसारखे, वरच्या गिअरमध्ये उतरायला सांगितले. पायथ्याशी ४३० चा पट्टा पूर्ण पालटला होता, ५६० चा जसाच्या तसा होता. डिस्क पूर्ण निवल्यावर, पट्टे नव्याने ओढून, त्याच वेगाने पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधी एकदाच ठाम ब्रेक आणि मग पाय पूर्ण वर, असा उतार केला. या वेळी ४३० चा पट्टाही पालटला नाही. डिस्क त्याच, रस्ता तोच, वजन तेच. निम्म्याच्या आसपास भार इंजिनाने उचलला, एवढाच फरक. मालक पट्ट्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही डिस्कपेक्षा गिअरच बदलला म्हणायचा.” ते अर्धे खरे होते. नव्या डिस्क नसत्या तर ५६० चा पट्टा पहिल्याच उतारात वाचला असता का, याची मला दाट शंका आहे.

पायथ्याला थांबताना पेडल न दाबता हातब्रेक लावायचा, असेही ठरले. या गाडीचा हातब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळे पुढच्या गरम डिस्क पॅडच्या पकडीतून मोकळ्या राहतात.

२०,००० किलोमीटरनंतरची मोजणी अशी: जाडी दोन्हीकडे २३.५ मि.मी.च्या वर, एका वर्तुळावरील फरक डावीकडे ६ आणि उजवीकडे ५ मायक्रॉन, आतल्या आणि बाहेरच्या पॅडची झीज जवळजवळ सारखी. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या अगदी उथळ रेषा आहेत. नख त्यांवर अडकत नाही, आणि घाटात राबणाऱ्या डिस्कवर त्या येणारच. निळे डाग नाहीत.

एक गोष्ट मालकांना लेखी दिली आहे. डिस्कच्या कडेवर किमान जाडी २२ मि.मी. कोरलेली आहे. या आकड्यात २ मि.मी. झीज धरलेली आहे, म्हणजे १६ मि.मी. धातूतला आठवा हिस्सा. सपाट रस्त्यावरच्या गाडीला तो चालेल. या उतारावर मात्र डिस्क २२.६ मि.मी.ला पोचल्या की बदलाव्यात आणि लेथवर चढवू नयेत. त्यांनी तो कागद गाडीच्या सर्व्हिस बुकात, डिस्कचे वजन लिहिलेल्या पानाशेजारी चिकटवला आहे.